फितीची दुसरी बाजू

प्रत्येक जुन्या घरात एखादी पेटी अशी असते, की ती वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही आणि कोणी टाकूनही देत नाही. आमच्या इंदूरच्या घरी माळ्यावर अशी एक निळी पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात साठसत्तर कॅसेट होत्या. २०१९ च्या श्रावणात मी ती खाली काढवली. निमित्त माईंच्या दुखण्याचे झाले.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. जन्म १९३६ चा, देवासचा. त्यांचे वडील देवासच्या थोरल्या पातीच्या दरबारी कारकून होते. १९५५ साली लग्न होऊन त्या इंदुरास आल्या आणि मी १९७९ साली साताऱ्याहून सून म्हणून त्यांच्या घरात आले. चाळीस वर्षे आम्ही एका चुलीवर स्वयंपाक केला. २०१८ मध्ये त्यांना अल्झायमरचा विकार झाल्याचे निदान झाले. दिवसा त्या बऱ्या असत. दिवेलागणीची वेळ झाली की घालमेल सुरू होई. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर बसून त्या म्हणत, "मला घरी पोचवा हो कोणी." समजूत घातली तर दाराकडे जात, अडवले तर रडत. डॉक्टरांनी औषधे लिहून दिली आणि उठता उठता म्हणाले, "यांच्या आवडीची गाणी ऐकवत चला. पण आवडीचीच हवीत."

मला मोठा धीर आला. माईंच्या आवडीची गाणी मला ठाऊक नाहीत, तर कोणाला? १९८३ साली मी स्वतः त्यांच्यासाठी एक कॅसेट भरली होती. पेटीत ती सापडलीही. वेष्टनाच्या कडेवर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते : 'माईंसाठी'.

माझी ही खात्री खोटी ठरली. ती कशी ठरली हे सांगण्यात मला भूषण नाही, पण वडीलधारी माणसे घरोघर आहेत आणि त्यांना गाणी निवडून देण्याचे काम आज फार सोपे झाले आहे. सोपे झालेले काम माणूस विचार न करता करतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

कॅसेट भरणे

हॉलंडमधील फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात आपली छोटी कॅसेट प्रथम मांडली. लू ओटन्स या अभियंत्याच्या देखरेखीखाली ती तयार झाली होती. त्यापूर्वीचे टेपरेकॉर्डर उघड्या रिळांचे, जड आणि महाग असत. ओटन्स यांना खिशात मावेल अशी वस्तू हवी होती. फीत चार मिलिमीटरांहूनही अरुंद, आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या गतीने सरकणारी. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये अशी सुमारे एकशे तीस मीटर फीत गुंडाळलेली असते. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे, मग कॅसेट उलटून दुसऱ्या बाजूला पंचेचाळीस.

या वस्तूने एक मोठे स्थित्यंतर घडवले. तोवर ध्वनिमुद्रिका जशी छापून येई तशीच ऐकावी लागे आणि रेडिओ जे लावील ते गाणे कानी पडे. निवड कंपनीची असे किंवा आकाशवाणीची. कॅसेटमुळे सामान्य माणूस प्रथमच गाण्यांची निवड करणारा झाला. एका मुद्रिकेवरचे एक गाणे, दुसरीवरचे दुसरे, मध्ये रेडिओवरून धरलेले तिसरे, असा स्वतःचा क्रम लावता येऊ लागला. मुख्य म्हणजे तो क्रम कोणा एका माणसाला उद्देशून लावता येऊ लागला. भारतात ऐंशीच्या दशकाच्या आरंभी कॅसेटचा सुळसुळाट झाला, आखाती देशांतून येणाऱ्या प्रत्येकाच्या सामानात 'टू-इन-वन' दिसू लागला आणि गावोगाव कॅसेट भरून देणारी दुकाने निघाली. यादी घेऊन जावे, चार दिवसांनी भरलेली कॅसेट आणावी. तो व्यवहार कायद्याला धरून नव्हता आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांना त्याचा फटका बसे, हेही नमूद केले पाहिजे.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांना कॅसेटचा आणखी एक उपयोग होता. इंदुरात मराठी गाणे सहजी कानावर पडत नसे. रात्री मुंबई केंद्र लागले तर लागे, तेही खरखरत. पुण्यामुंबईहून येणारे पाहुणे चितळ्यांच्या बाकरवडीबरोबर एखादी कॅसेट आणत आणि ती घरोघर फिरे. परदेशी गेलेल्या मुलांना आईवडील कॅसेटवर आवाज भरून पाठवत. पत्रात न मावणारा खोकला, मागे वाजणारी कुकरची शिटी, असे सारे घर त्या फितीवर उतरे.

माझे दीर १९८१ साली मस्कतहून आले तेव्हा त्यांनी आम्हाला असाच एक टू-इन-वन आणून दिला. दोन वर्षांनी माईंची एकसष्टी नव्हे, पण लग्नाची अठ्ठावीस वर्षे होत होती आणि त्यांना काहीतरी द्यावे असे माझ्या मनात आले. मी दोन महिने खपून ती नव्वद मिनिटांची कॅसेट भरली. ओळखीच्यांकडून मुद्रिका आणल्या. दुपारी सारी निजली की दारे लावून ध्वनिमुद्रण करी, तरी एका पदात फेरीवाल्याची आरोळी आलीच. बालगंधर्वांची नाट्यपदे, माणिक वर्मांची भावगीते, सुधीर फडक्यांची गीते. जुन्या अठ्ठ्याहत्तर गतीच्या मुद्रिकेची एक बाजू तीनसाडेतीन मिनिटांची, म्हणजे कॅसेटच्या एका बाजूस तेराचौदा पदे बसतात, हा हिशेब मी वहीत मांडला होता. सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीवर आवाज उमटत नाही, म्हणून पेन्सिल घालून ती तेवढी पुढे सरकवून घ्यावयाची, हेही मी शिकले होते.

दुसऱ्या बाजूच्या शेवटी बारातेरा मिनिटांची फीत कोरी राहिली. माई शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढी जागा आहे, तर एखादं संजाचं गाणं येईल का गं त्यात?"

मी हसले. म्हणाले, "माई, ती काय कॅसेटवर घालायची गाणी आहेत?"

त्याही हसल्या आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. फीत कोरीच राहिली. भरलेले चुकून पुसले जाऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मी मोडून टाकले आणि कॅसेट त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती पुढे कितीदा ऐकली, हे मी कधी विचारले नाही.

छत्तीस वर्षांनी

२०१९ च्या श्रावणात ती कॅसेट पुन्हा वाजवावयाची म्हणजे आधी यंत्र हवे. टू-इन-वनचा रबरी पट्टा वितळून चिकट झाला होता. जेल रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने नवा पट्टा घातला, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन चुंबकी तोंड पुसले आणि यंत्र बोलू लागले. संध्याकाळी दिवा लावला आणि माईंच्या उशाशी कॅसेट सुरू केली.

माई ऐकत राहिल्या. पद संपल्यावर म्हणाल्या, "छान आहे हो." पाहुण्यांच्या मुलीने गाणे म्हणून दाखवल्यावर म्हणतात तसे. मग दाराकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आता मला घरी सोडा." आठ दिवस मी रोज तीच कॅसेट लावली. मग फोनवर अधिक स्वच्छ आवाजाची तीच गाणी शोधून लावली. फरक पडला नाही. एका संध्याकाळी तर गाण्याचाच त्यांना त्रास होऊ लागला आणि मी ते बंद केले. डॉक्टरांचा सल्ला फुकट गेला, असे मी घरात बोलूनही दाखवले.

भाद्रपदाची पौर्णिमा झाली. पितृपक्ष लागला. आमच्या मागच्या गल्लीत काही माळवी कुटुंबे राहतात. माळव्यातील कुमारिका या पंधरवड्यात संजा मांडतात, हे येथील वाचकांना सांगावयास नको, पण इतर ठिकाणच्या वाचकांसाठी सांगते. पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत रोज सायंकाळी मुली भिंतीवर शेणाची आकृती काढतात. कधी चंद्रसूर्य, कधी स्वस्तिक, कधी सोंगट्यांचा पट. तिला फुलांच्या पाकळ्यांनी आणि चमकीच्या कागदाने सजवतात. अखेरच्या दिवसांत 'किलाकोट' नावाची मोठी आकृती मांडतात. मग आरती, गाणी आणि प्रसाद. प्रसाद झाकून आणलेला असतो आणि तो काय आहे हे इतर मुलींनी ओळखावयाचे असते. शहरात शेणाची जागा आता बहुधा कागदी संजाने घेतली आहे, पण गाणी तीच आहेत.

त्या सायंकाळी मागच्या गल्लीतून पाचसहा मुलींचे आवाज आले. माई पलंगावर आडव्या होत्या. त्या उठून बसल्या. त्यांनी टाळी धरली, आणि चार महिने ज्यांना एक वाक्य धड पुरे करता आले नव्हते, त्यांनी ते माळवी गाणे मुलींच्या एक पाऊल पुढे राहून, शब्दही न चुकता शेवटपर्यंत म्हटले. मग माझ्याकडे वळून त्यांनी पदराखाली रिकामी मूठ लपवली आणि डोळे बारीक करून माळवीतच विचारले, "ओळख, आज काय आणलंय?"

मी त्यांची सून नव्हते. मी देवासच्या आळीतली कोणी मैत्रीण होते. क्षणभर मला काही सुचेना. मग आठवले. आमच्या साताऱ्याकडे आश्विनात हादगा असतो. तेथेही फेर धरून गाणी म्हणून झाली, की झाकलेली खिरापत ओळखावी लागते. मी म्हणाले, "करंजी?" माईंनी मान हलवली. "लाडू? चिवडा? साखरखोबरं?" प्रत्येक नावाला त्या नाही म्हणत आणि हसत. पंधरावीस नावे झाली. खिरापत काय होती ते मला शेवटपर्यंत ओळखता आले नाही. पण त्या रात्री घरी पोचवा असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

शास्त्र काय म्हणते

नंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचले. पुष्कळशा रुग्णांत इतर आठवणी विरत गेल्या तरी परिचित गाण्याची आठवण बराच काळ शाबूत राहते, ही गोष्ट डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक आहे. जर्मनीत लायपझिग येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली 'ब्रेन' या नियतकालिकात दाखवून दिले, की जुन्या, ओळखीच्या गाण्यांशी मेंदूचे जे भाग निगडित आहेत, त्यांची झीज अल्झायमरमध्ये इतर भागांच्या मानाने कमी होते. स्मृतीचा अभ्यास करणारे आणखी एक निरीक्षण सांगतात. माणसाला आयुष्यातील सर्वाधिक ठळक आठवणी साधारणपणे दहा ते तीस या वयातल्या असतात, आणि गाण्यांच्या बाबतीतही तेच वय फार घट्ट चिकटून राहते.

परंतु मला सर्वांत मोलाचे वाटले ते लिंडा गर्डनर या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेचे काम. आयोवा राज्यातील वृद्धनिवासांतील ३९ रुग्णांना त्यांनी दोन प्रकारचे संगीत ऐकवले. एक, मन शांत करणारे म्हणून नावाजलेले अभिजात पाश्चात्त्य संगीत. दुसरे, त्या त्या रुग्णाच्या नातेवाइकांकडे चौकशी करून निवडलेले, त्याचे स्वतःचे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार रुग्णांची अस्वस्थता स्वतःच्या गाण्यांनी अधिक कमी झाली. थोर संगीत, शांत संगीत, अभिरुचिसंपन्न संगीत, यांपैकी काहीही त्या आपल्या गाण्याची बरोबरी करू शकले नाही. त्याच देशात डॅन कोहेन यांनी २००६ पासून न्यूयॉर्ककडील वृद्धनिवासांत प्रत्येकासाठी वेगळी गाणी भरलेली छोटी यंत्रे वाटण्याचा उपक्रम केला, आणि त्यावरील 'अलाइव्ह इनसाइड' हा माहितीपट २०१४ साली पुष्कळ गाजला.

येथे एक सावधगिरीची सूचना हवी. संगीताने हा रोग बरा होत नाही आणि त्याची चाल थांबतही नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत, वृद्धनिवासांतून असा उपक्रम सरसकट राबवल्याने रुग्णांच्या अस्वस्थ वर्तनात एकंदरीने लक्षणीय घट दिसली नाही. चमत्काराची अपेक्षा धरणाऱ्याच्या पदरी निराशा येते. एखादी सायंकाळ सुखाची जावी, एवढीच अपेक्षा धरावी. ती लहान नाही.

माझे काय चुकले

गर्डनरबाईंचा निबंध वाचल्यावर मला माझी १९८३ ची कॅसेट नीट ऐकू आली. तीत माईंच्या आवडीचे असे फारसे नव्हतेच. ती माझ्या आवडीची होती, आणि त्याहूनही, एका सुसंस्कृत मराठी सासूला काय आवडावे या माझ्या कल्पनेची होती. मी महाराष्ट्रातून आलेली. इंदूरच्या मराठीत हिंदीची भेसळ आहे, येथल्या घरांतून आपलेपण विरत चालले आहे, आणि ते टिकवण्याची जबाबदारी जणू माझ्यावर आहे, असा त्या वयात माझा समज होता. माई आल्यागेल्याशी माळवी बोलत, ते मला खटके. नाट्यपदे ही आमची आणि संजा ही त्यांची, अशी मी वाटणी करून टाकली होती. माई त्या वाटणीत कोणत्या बाजूला आहेत, हे विचारण्याची मला गरजच वाटली नाही.

याच देवासने एका मोठ्या गायकाला काय दिले, हे तरी मला आठवावयास हवे होते. कुमार गंधर्व मूळचे बेळगावकडचे. क्षयाने आजारी होऊन १९४८ च्या सुमारास ते हवापालटासाठी देवासला आले आणि पुढे काही वर्षे गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर येणारी माळवी लोकगीते ते ऐकत राहिले. त्या गीतांचा त्यांनी संग्रह केला, अभ्यास केला, आणि त्यांच्या धुनांतून उगम पावलेले नवे राग बांधले. 'मालवा की लोकधुनें' आणि 'गीत वर्षा' हे त्यांचे कार्यक्रम त्यातूनच उभे राहिले. १९९२ साली देवासलाच त्यांचा अंत झाला. ते देवासला आले तेव्हा माई बारा वर्षांच्या होत्या आणि त्याच गावात, माताजीच्या टेकडीखाली संजाची गाणी म्हणत होत्या. कुमारांच्या मैफिलीला मी अदबीने जाई आणि त्याच गाण्यांच्या मालकिणीला घरात हसण्यावारी नेई.

आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसे आपले जतन करण्याच्या काळजीत नेहमीच असतो आणि ती काळजी योग्यही आहे. पण बडोद्याच्या मराठी आजीच्या कानात गरबा असतो, हैदराबादच्या आजोबांच्या कानात कव्वाली, आणि बेळगावच्या घरात कानडी पदे. ती गाणी त्यांच्या मराठीपणातून वजा करावयाची नसतात. माणसाचे बालपण जेथे गेले तेथली भाषा त्याच्या आत अगदी तळाशी असते, आणि वरचे थर गळून पडले की तीच शिल्लक राहते.

निवड करताना

ज्यांना घरातील वृद्धांसाठी गाणी निवडावयाची आहेत, त्यांच्यासाठी अनुभवाने सुचलेल्या चार गोष्टी लिहिते.

पहिली गोष्ट वयाची. जन्मवर्षात दहा मिळवावे आणि तेथून वीस वर्षे धरावी. १९४० साली जन्मलेल्या व्यक्तीची वर्षे १९५० ते १९७० अशी येतात. रेडिओ सिलोनवरील बिनाका गीतमाला १९५२ साली सुरू झाली, गीतरामायण पुणे केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीपासून प्रसारित झाले, विविध भारती १९५७ साली आली. त्या काळात ती व्यक्ती कोठे होती, घरी रेडिओ होता की नव्हता, शेजार कोणाचा होता, शाळेत कोणती प्रार्थना होती, याचा शोध घ्यावा. लहानपणीची आरती, अंगाई, खेळातली गाणी ही छापील यादीत कधीच सापडणार नाहीत, आणि बहुधा तीच सर्वांत खोल गेलेली असतात.

दुसरी गोष्ट चौकशीची. रुग्णाला "आठवतं का?" असे विचारू नये. ती परीक्षा होते आणि नापास झाल्याचे दुःख मागे राहते. भावंडांना विचारावे, माहेरच्यांना विचारावे, जुन्या मोलकरणीला विचारावे. माईंची धाकटी बहीण उज्जैनला होती. तिने दूरध्वनीवरच मला सहा गाणी म्हणून दाखवली.

तिसरी गोष्ट प्रमाणाची. २०१७ साली पाच हजार गाणी आधीच भरलेला 'कारवाँ' बाजारात आला आणि पुष्कळ मुलांनी तो आईवडिलांना भेट दिला. वस्तू चांगली आहे, पण पाच हजारांत आपल्या माणसाची वीस कोणती, हे यंत्राला ठाऊक नसते. वीस गाणी पुरतात. एका वेळी अर्ध्या तासाहून अधिक लावू नयेत आणि दिवसभर तर मुळीच नाही. घालमेल सुरू होण्याच्या थोडे आधी लावावीत. दूरदर्शन बंद असावा, आवाज बेताचा असावा, मध्ये जाहिराती येऊ नयेत.

चौथी गोष्ट लक्ष ठेवण्याची. माणूस शब्दांनी सांगू शकत नसला तरी पायाची बोटे सांगतात, चेहरा सांगतो. डोळ्यांत पाणी आले म्हणजे गाणे वाईटच असे नाही. पण अस्वस्थता वाढली तर ते गाणे यादीतून निमूटपणे काढावे. त्याच्याशी एखादे मरण जोडलेले असू शकते. जी गाणी लागू पडली, त्यांची यादी कागदावर लिहून भिंतीला लावावी, म्हणजे आपण घरी नसताना सांभाळणाऱ्या बाईलाही ती लावता येतात. आणि शक्य तितके जवळ बसावे. यंत्र लावून आपण दुसऱ्या खोलीत निघून जाणे हा या औषधाचा प्रकार नव्हे.

कोरी राहिलेली मिनिटे

त्या पितृपक्षात मी मागच्या गल्लीतल्या काकीजींकडे गेले. त्या सत्तरीच्या. संजाची गाणी हवीत म्हटल्यावर आधी लाजल्या, मग त्यांनी दोघी शेजारणींना हाक मारली. सर्वपित्रीच्या आदल्या दुपारी तिघी आमच्याकडे आल्या आणि माईंच्या पलंगाजवळ सतरंजीवर बसल्या. नातवाने फोनवर ध्वनिमुद्रण केले. रोज वाजवावयास तेच सोयीचे पडले, आणि माईंच्या वीस गाण्यांत यापुढे सात माळवी होती. नाट्यपदे मी काढली नाहीत. दोन ठेवली. त्यांतल्या एकाला माईंचे बोट हलताना मी पाहिले होते.

फोन होता, तरी मी माळ्यावरून आणलेली ती जुनी कॅसेटही घेतली. पाठीवरचे तुकडे मोडलेले असले तर यंत्र ध्वनिमुद्रण करू देत नाही. पण त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की ते चालते, ही युक्ती आमच्या पिढीला ठाऊक आहे. दुसरी बाजू लावली, शेवटची कोरी फीत येईपर्यंत पुढे नेली आणि दोन कळा एकदम दाबल्या. बारातेरा मिनिटांत चार गाणी बसली. चौथ्याच्या मध्यावर फीत संपली आणि कळ खटकन वर आली, तरी काकीजी आणि माई म्हणतच राहिल्या.

माई २०२१ साली गेल्या. शेवटच्या वर्षात त्यांना गाणीही ओळखू येईनाशी झाली. पण त्यापूर्वीच्या कितीतरी सायंकाळी त्यांना घरी पोचवता आले, याचे मला समाधान आहे.

कॅसेट मी पुन्हा पेटीत ठेवली आहे. वेष्टनावर 'माईंसाठी' असे लिहिलेले होतेच. आता आतल्या कागदावर चार माळवी गाण्यांची नावे आहेत आणि ती गाणाऱ्यांतही माई आहेत. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी वडील माणसे आज बोलती आहेत, गाती आहेत, त्यांनी उद्यावर टाकू नये. कोणते गाणे हवे, हे त्यांनी कधीतरी तांदूळ निवडता निवडता सांगितलेलेही असेल.